बोटभर वस्तूची घरपोच किंमत



आजचा विषय आहे चिमुकल्या वस्तूंचा. बोटभर जातं, अंगठ्याएवढा पाटा-वरवंटा, नखाएवढ्या वाट्या, शेंगदाण्याएवढे बटाटे घेऊन बसलेली भाजीवाली. लग्नाचं रुखवत असो, गौरीपुढची आरास असो, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे असोत, या वस्तूंशिवाय आपलं पान हलत नाही. पूर्वी त्या घरीच व्हायच्या किंवा जत्रेत मिळायच्या. आता मोबाईलवर मिळतात. पुष्कळ बचत गट रुखवत मांडून देण्याचं काम घेतात आणि त्यासाठी लागणारा बारीकसारीक माल मोबाईलवरूनच मागवतात.

मागवताना पडद्यावर एक आकडा दिसतो. पार्सल दारात येईपर्यंत दुसराच आकडा झालेला असतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी गत होते. हा मसाला कुठून येतो, किती येतो आणि आधीच कसा ओळखायचा, ते आज बघू. कारण रुखवताचा भाव सांगून बसलो आणि माल महाग पडला, तर तोटा दुकानदाराचा होत नाही. तो गटाच्या पेटीतून जातो.

आधी एक गोष्ट सांगते. हा नाद काही आपल्याच घरचा नाही. जगभर मोठी माणसं अशा लहान वस्तू हौसेनं जमवतात. बाहुलीघराच्या वस्तूंचं ठरलेलं माप आहे, एकास बारा. म्हणजे खरी वस्तू बारा इंच असेल तर छोटी एक इंच. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी याच मापाचं एक बाहुलीघर १९२४ साली पुरं झालं. ते विंडसरच्या किल्ल्यात आजही बघायला मिळतं. त्याचा आराखडा करणारे एडविन ल्युटेन्स म्हणजे आपल्या नव्या दिल्लीतलं राष्ट्रपती भवन बांधणारेच. सांगायचं काय, तर या वस्तूंचा बाजार जगभर पसरलेला आहे. जपानची, इंग्लंडची, चीनची वस्तू आपल्याला मोबाईलवर दिसते. पण दिसणं वेगळं आणि घरी येणं वेगळं.

आता पहिला मसाला. पार्सलचं भाडं.

आपल्याला वाटतं, वस्तू लहान आहे, मग भाडंही लहानच असणार. तसं होत नाही. पार्सल उचलायला माणूस येतो, ते गोदामात जातं, गाडीत चढतं, उतरतं, पुन्हा कुणीतरी ते आपल्या गावात आणून देतं. पार्सल पन्नास ग्रॅमचं असो की अर्ध्या किलोचं, एवढी हालचाल करावीच लागते. म्हणून भाड्याचा पहिला टप्पा ठरलेला असतो. बऱ्याच कुरिअर कंपन्या पहिल्या अर्ध्या किलोचा एकच दर घेतात. त्यामुळे वीस रुपयांच्या पितळी कळशीला साठ-सत्तर रुपये भाडं पडतं, आणि वीस कळश्या मागवल्या तरी भाडं बहुधा तेवढंच राहतं.

दुसरी गंमत अशी की कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, ते खोक्याचा आकारही बघतात. विमानात किंवा ट्रकमध्ये जागा अडते, तिचे पैसे घेतात. हिशोब सोपा आहे. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्ही आकड्यांचा गुणाकार करायचा आणि बहुतेक कंपन्यांच्या रीतीप्रमाणे ५००० ने भागायचं. येईल ते किलो. समजा खोकं ३० सेंटिमीटर लांब, २० रुंद आणि १० उंच आहे. गुणाकार झाला ६०००. त्याला ५००० ने भागलं की १.२ किलो. आत माल तीनशे ग्रॅमचाच असेल, बाकी सगळा कागद आणि हवा. तरी भाडं सव्वा किलोचं. खरं वजन आणि हे आकाराचं वजन, यातलं जे जास्त असेल ते धरतात.

नाजूक वस्तूला कागद, फुगे, पुठ्ठा लागतोच. म्हणून छोट्या वस्तूंचं पार्सल वस्तूच्या मानानं महाग असतं. यात दुकानदाराची लबाडी असेलच असं नाही.

मग काही ठिकाणी ‘डिलिव्हरी फ्री’ लिहिलेलं असतं, ते काय? फुकट कुणीच आणून देत नाही. भाडं वस्तूच्या किमतीत मिसळलेलं असतं. एका दुकानात वस्तू २५० रुपये आणि भाडं फुकट, दुसऱ्या दुकानात वस्तू १७० रुपये आणि भाडं ६०. एकच वस्तू घ्यायची असेल तर दुसरं दुकान वीस रुपयांनी स्वस्त. दहा घ्यायच्या असतील आणि भाडं तेवढंच राहणार असेल, तर पहिल्या दुकानात २५०० रुपये होतील आणि दुसऱ्यात १७६०. बघा किती फरक पडला ते. आणखी एक आमिष असतं. ‘पाचशेच्या वर खरेदी केलीत तर भाडं नाही.’ चारशे वीसचा माल लागणार असतो, साठ रुपये भाडं वाचवायला आपण ऐंशी रुपयांची नको असलेली वस्तू घेतो. वाचले साठ, गेले ऐंशी.

काही वर्षांपूर्वी चीनहून दहा-वीस रुपयांची वस्तू भाडं न घेता घरी यायची, हे तुमच्यापैकी काहींनी बघितलं असेल. ते कसं परवडायचं? त्यामागे टपालाचा एक जुना करार होता. जगातल्या देशांची टपाल संघटना १८७४ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात सुरू झाली. भारत १८७६ पासून तिच्यात आहे. एका देशाचं टपाल दुसऱ्या देशानं वाटायचं आणि त्याबद्दल पाठवणाऱ्या देशानं ठरलेले पैसे द्यायचे, अशी तिची रीत. दोन किलोपर्यंतच्या लहान पुडक्यांना हे दर फार कमी होते आणि चीनसारख्या देशांना त्याचा मोठा फायदा मिळे. अमेरिकेनं तक्रार केली. २०१९ च्या सप्टेंबरात जिनिव्हात सगळ्या देशांची खास बैठक झाली आणि हे दर वाढवायची वाट मोकळी झाली. आपल्याकडे तर नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारनं जी ४३ ॲप बंद केली, त्यांत अलीएक्सप्रेस हे चिनी बाजाराचं ॲपही होतं. ते स्वस्ताईचे दिवस असे संपले. तेव्हाचा भाव मनात धरून आज हिशोब करू नका.

आता दुसरा मसाला, आणि हा जास्त तिखट आहे. परदेशातून येणाऱ्या मालावरचा कर. आपण त्याला कस्टम म्हणतो, सरकारी भाषेत सीमाशुल्क.

हा कर एकावर एक चढतो. दुधावर साय आणि सायीवर पुन्हा साय, तसा. आधी सरकार मालाची किंमत ठरवतं. त्यात वस्तूची किंमत तर आलीच, शिवाय वाहतूक आणि विमाही धरतात. म्हणजे भाड्यावरही कर लागतो. एक दिलासा मात्र आहे. माल विमानानं आला असेल तर कराच्या हिशोबात भाडं वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त धरायचं नाही, असा नियम आहे. या एकूण किमतीवर मूळ सीमाशुल्क लागतं. त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार लागतो, काही वस्तूंना तो माफ असतो. मग किंमत, शुल्क आणि अधिभार यांची बेरीज होते आणि त्या सगळ्यावर जीएसटी.

आकड्यात बघू. वही-पेन असेल तर घ्या. समजा, परदेशातून बारा लहान वस्तूंचा संच मागवला. पडद्यावर किंमत १५०० रुपये, म्हणजे नग सव्वाशेला. भाडं ११००. हिशोब समजावा म्हणून मी दर सोपे धरते, शुल्क २० टक्के आणि जीएसटी १८ टक्के. खरा दर वस्तूप्रमाणे वेगळा असतो. विमा जरा बाजूला ठेवू.

कराच्या हिशोबात भाडं धरलं जाईल १५०० च्या २० टक्के, म्हणजे ३००. किंमत झाली १८००. त्यावर २० टक्के शुल्क ३६०. त्याच्या १० टक्के अधिभार ३६. बेरीज २१९६. त्यावर १८ टक्के जीएसटी सुमारे ३९५. सगळा कर मिळून ७९१ रुपये.

अजून संपलं नाही. कुरिअर कंपनी आपल्या वतीनं कर भरते, कागद करते, त्याचं वेगळं शुल्क घेते. ते समजा २०० रुपये. बँकेच्या कार्डानं परदेशात पैसे भरले की बँक रुपयाचं परकी चलन करून देण्याचे साधारण दोन ते साडेतीन टक्के घेते. २६०० रुपयांवर तीन टक्के म्हणजे ७८.

आता एकूण बेरीज करा. १५००, ११००, ७९१, २०० आणि ७८. झाले ३६६९ रुपये. भागिले बारा, म्हणजे नग ३०६ रुपयांना. पडद्यावर सव्वाशे, दारात तीनशे सहा. रुखवताचा भाव आपण सव्वाशे धरून सांगितला असेल, तर एका संचामागे दोन हजारांवर खिशातून गेले.

आणि हा हिशोब मधल्या दराचा होता. खेळण्यांवरचा दर याहून फार मोठा आहे. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं मूळ शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ते ७० टक्क्यांवर गेलं. हेतू असा की देशातल्या खेळणी करणाऱ्यांना काम मिळावं. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. ते देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना लागू आहे आणि बाहेरून येणाऱ्यांनाही.

तुम्ही म्हणाल, आमची वस्तू तर शोभेची आहे, खेळण्याची नाही. इथंच खरी मेख आहे. सीमाशुल्काच्या यादीत प्रत्येक वस्तूचं एक घर ठरलेलं असतं. खेळण्यांच्याच घरात मोठ्या वस्तूंच्या लहान मापाच्या प्रतिकृतीही घातलेल्या आहेत. प्लॅस्टिकची शोभेची मूर्ती वेगळ्या घरात जाते, लाकडाची वेगळ्या आणि चिनी मातीची आणखी वेगळ्या. स्वतःच्या वापरासाठी आलेल्या पार्सलाचं पुन्हा वेगळं घर आहे. त्यामुळे आपण ‘ही शोभेची आहे’ म्हटलं तरी शेवटी वस्तू कोणत्या घरात बसवायची हे कस्टमचा अधिकारी ठरवतो. हे दर अर्थसंकल्पात बदलतात, तेव्हा मागवायच्या आधी त्या वेळचा दर बघून घ्यायचा.

काही विक्रेते सुचवतात, ‘आम्ही पार्सलवर भेट असं लिहितो, कर लागणार नाही.’ या बोलण्यात अडकू नका. पूर्वी पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना सूट होती. तिचा गैरवापर फार झाला, म्हणून डिसेंबर २०१९ मध्ये टपाल आणि कुरिअरनं येणाऱ्या भेटींची ही सवलत बंद झाली. पूर्ण कर भरून भेट येऊ शकते, तो भाग वेगळा. सवलत दोनच गोष्टींना राहिली. एक जीव वाचवणारी औषधं आणि दुसरी राखी. हो, भावाबहिणीची राखी! पण राखीबरोबरची भेटवस्तू नाही, नुसती राखी. बिलावर किंमत कमी लिहून घेणं हाही गुन्हाच आहे. पकडलं गेलं तर माल जप्त होतो, दंड होतो, आणि पार्सलवर नाव विक्रेत्याचं नसतं, आपलं असतं.

गटांसाठी एक बाब फार महत्त्वाची आहे. स्वतःच्या हौसेसाठी चार वस्तू मागवणं वेगळं आणि विकायला माल मागवणं वेगळं. गटानं मिळून परदेशातून विक्रीचा माल आणायचा, तर तो स्वतःचा वापर ठरत नाही. त्यासाठी आयात-निर्यात क्रमांक काढावा लागतो. रुखवतासाठी वर्षातून दोनदा माल लागणाऱ्या गटाला हा खटाटोप सहसा परवडत नाही. त्यापेक्षा ज्या भारतीय व्यापाऱ्यानं माल रीतसर कर भरून आणला आहे, त्याच्याकडून पक्क्या बिलावर घ्यावा. तो नग थोडा महाग दिसेल, पण दारात आल्यावर दुसरा आकडा निघणार नाही.

देशातल्या देशात मागवलं तर कस्टम नाही, फक्त भाडं. आणि भाड्यावर आपल्या गटांकडे नामी उपाय आहे, तो म्हणजे एकी. चौघी जणी वेगवेगळ्या दिवशी तीनशे-तीनशेचा माल मागवतात, दर वेळी ८० रुपये भाडं देतात. भाड्याचे झाले ३२०. चौघींनी यादी एकत्र केली, बाराशेचा माल एका खोक्यात आला, तर भाडं दीडशेच्या आसपास राहील. म्हणून महिन्याच्या बैठकीत यादी करा. कुणाला काय लागणार, किती लागणार, कधी लागणार. लग्नसराई काही अचानक येत नाही. दोन महिने आधी यादी झाली तर घाईचं महाग कुरिअर लागत नाही, साधं टपाल चालतं.

आणि सगळंच मोबाईलवरून आणायला हवं असंही नाही. आपल्या सावंतवाडीची चितारआळी लाकडी फळं आणि खेळण्यांसाठी नाव कमावून आहे. पुण्याच्या तुळशीबागेत भातुकली मिळते. कर्नाटकात चन्नपट्टणला लाखेच्या रंगाची लाकडी खेळणी होतात, आंध्रात कोंडपल्लीला हलक्या लाकडाची माणसं, बैलगाड्या, देव होतात. कुणी त्या बाजूला देवदर्शनाला किंवा नातेवाइकांकडे जाणार असेल तर तिच्याकडे यादी द्या. पिशवीतून आलेल्या वस्तूला भाडं नाही. तिथल्या कारागिराचा फोन नंबर आणि भावाचा कागदही आणा, म्हणजे पुढच्या वेळी थेट मागवता येईल.

आता तुमचा हक्क काय, तेही ऐका. ऑनलाइन खरेदीसाठी ग्राहक संरक्षणाचे नियम २०२० साली आले. त्यांत स्पष्ट आहे की विक्रेत्यानं वस्तूची पूर्ण किंमत एका आकड्यात दाखवायची. शिवाय तिची फोडही द्यायची. वस्तू किती, भाडं किती, कर किती. वस्तू कोणत्या देशातली, तेही सांगायचं. म्हणजे ‘एकूण किती’ विचारणं हा आपला आगाऊपणा नाही, तो आपला हक्क आहे. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. मराठीत बोलता येतं.

परदेशी दुकानाला मात्र विचारूनच घ्यावं लागतं. मागवण्याआधी पाच प्रश्न विचारायचे. पहिला, भाडं धरून एकूण किती? दुसरा, कर या रकमेत आहे की मला दारात भरायचा? काही दुकानं कर आधीच धरून घेतात. तिथं ‘डीडीपी’ अशी तीन अक्षरं असतात. त्याचा अर्थ शुल्क विक्रेता भरतो. तिसरा, तुटकं आलं तर काय? परत पाठवायचं भाडं कुणावर? नाजूक वस्तूला हा प्रश्न आधी हवा, कारण परत पाठवण्याचं भाडं कधी कधी वस्तूहून जास्त होतं. चौथा, किती दिवसांत येईल? लग्नाची तारीख थांबत नाही. पाचवा, बिल मिळेल का? उत्तरं तोंडी घेऊ नका, मेसेजवर घ्या आणि जपून ठेवा.

इथं एक सावधगिरीची गोष्ट सांगते, ही नीट लक्षात ठेवा. ‘तुमचं पार्सल कस्टमला अडकलंय, ताबडतोब इतके पैसे या नंबरवर पाठवा’ असे फोन आणि मेसेज येतात. कधी गणवेशातला माणूस व्हिडिओवर दिसतो, ‘पार्सलमध्ये नको ती वस्तू सापडली, अटक होईल’ म्हणून धमकावतो. ही लबाडी आहे. कस्टमचं खातं कुणाच्या खासगी बँक खात्यात किंवा मोबाईलवर पैसे मागत नाही. त्यांच्या प्रत्येक पत्रावर एक ओळख क्रमांक असतो आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. टपालानं आलेल्या पार्सलावर कर असेल तर तो पोस्ट पार्सल देताना घेतं आणि पावती देतं. आपण काही मागवलंच नसेल तर प्रश्नच नाही, फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या नंबरवर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

आता जरा बाजू बदलू. आतापर्यंत आपण घेणाऱ्या होतो. पण आपल्यातल्या कितीतरी जणी देणाऱ्याही आहेत. कापडाच्या बाहुल्या, मातीचे मावळे, लोकरीची फळं, कागदाच्या लगद्याची भांडी आपल्या हातून होतात. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये असलेली आपली लेकरंबाळं, मराठी कुटुंबं या वस्तू मागतात. तेव्हा जो मसाला आपल्याला तिखट लागतो, तोच त्यांनाही लागतो.

अमेरिकेचंच उदाहरण घ्या. २०१६ पासून तिथं ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल कर न लागता जायचं. त्या जोरावर जगभरातल्या लहान कारागिरांनी तिथं माल विकला. २९ ऑगस्ट २०२५ पासून ही सूट सगळ्याच देशांच्या मालाला बंद झाली. कर कुणी, कधी, कसा गोळा करायचा याचा घोळ इतका झाला की आपल्या टपाल खात्यानं २५ ऑगस्टपासून तिकडची बहुतेक पार्सलं घेणंच थांबवलं. १५ ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली, ती अशा बोलीवर की कर इकडे पार्सल देतानाच भरायचा. मधले सात आठवडे दिवाळीच्या तोंडावरचे होते. कंदील, पणत्या, बाहुल्या पाठवणाऱ्यांचा ऐन हंगाम. युरोपातही तसंच. तिथं २२ युरोपर्यंतच्या लहान पार्सलाला विक्रीकर माफ होता, तो १ जुलै २०२१ पासून लागू झाला.

यातून धडा काय घ्यायचा? परदेशातल्या गिऱ्हाइकाला वस्तूचा भाव सांगू नका, घरपोच भाव सांगा. भाडं किती, कर कुणी भरायचा, हे आधी बोला. वस्तू घडवतानाच खोक्याचा विचार करा. हातपाय निघणारी, एकात एक बसणारी, चपटी होणारी वस्तू लहान खोक्यात मावते. बाहुलीचा पसरलेला घागरा दुमडता आला, तर खोक्याची उंची निम्मी होते आणि आकाराचं वजनही निम्मं. ही करामत आपल्या हातात आहे, ती कुठल्या सरकारच्या हातात नाही. पाठवायची सोय हवी असेल तर टपाल खात्याची ‘डाकघर निर्यात केंद्रं’ आहेत. देशभर ती हजारावर आहेत. कागदपत्रं कशी करायची, खोकं कसं बांधायचं, हे तिथं सांगतात. जवळचं केंद्र कुठलं, ते आपल्या पोस्टमास्तरांना विचारा.

काहीजणी म्हणतील, एवढा हिशोब एका बोटभर वस्तूसाठी कशाला? हौसेला मोल नसतं. खरं आहे. लेकीच्या रुखवतात जपानची एक नाजूक केटली ठेवावीशी वाटली, पैसे साठवले आणि सगळा खर्च माहीत असताना घेतली, तर त्यात काही चुकीचं नाही. हौस करावीच. पण हौस डोळे उघडे ठेवून करावी. सव्वाशे समजून तीनशे सहा देण्यात हौस नाही, फसगत आहे. आणि तीनशे सहा आहे हे कळल्यावर कधी कधी आपण म्हणतो, एवढ्यात तर आपल्या गावातली कुंभारीण अख्खी चूल, तवा, उतरंड करून देईल. तसं वाटलं तर तिच्याकडे जा. घ्यायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण पूर्ण आकडा समोर ठेवून ठरवा.

शेवटी एक काम देते. पुढच्या बैठकीत गटाच्या वहीत एक पान आखा. पाच रकाने पाडा. वस्तूची किंमत, पार्सलचं भाडं, कर, बँक आणि कुरिअरचं शुल्क, आणि शेवटचा रकाना घरपोच एका नगाची किंमत. आतापर्यंत जे जे मागवलं, त्याची बिलं मोबाईलमधून काढून हे पान भरा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना शेजारणीनं मदत करा. सोबत एक मोजपट्टी आणि स्वयंपाकघरातला लहान काटा ठेवा, म्हणजे पाठवायच्या खोक्याचं वजन आणि आकार घरीच कळेल. तीन महिन्यांनी ते पान वाचा. कोणती वस्तू बाहेरून घ्यायची, कोणती गावात करून घ्यायची आणि कोणती आपणच करून विकायची, ते ते पानच सांगेल.